लॅपटॉप निवडताना आधी वॅट बघा

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की मागणी तिहेरी असते. तो वेगवान हवा, हलका हवा आणि चार्जर न लावता दिवसभर चालायला हवा. जाहिराती या तिन्ही गोष्टी एका दमात कबूल करतात, पण मशीन वापरायला घेतल्यावर त्यातली एखादी तरी लंगडी निघते. तसं होणारच, कारण या तिन्ही गोष्टींचा खर्च एकाच खात्यातून होतो आणि ते खातं वॅटचं, म्हणजे दर क्षणी लागणाऱ्या विजेचं आहे.

प्रोसेसर (लॅपटॉपची मुख्य चिप) जितके वॅट घेतो तितकी बॅटरी उतरते. घेतलेल्या प्रत्येक वॅटची शेवटी उष्णताच होते. ती बाहेर काढायला तांब्याच्या नळ्या, फॅन आणि हवा खेळायला जागा लागते, म्हणजे जाडी आणि वजन वाढतं. जाडी कमी केली तर उष्णता आत कोंडते आणि मशीनला स्वतःचा वेग उतरवावा लागतो. हे चक्र एकदा लक्षात आलं की माहितीपत्रकातले निम्मे आकडे आपोआप अर्थ सांगू लागतात आणि उरलेले निम्मे बिनमहत्त्वाचे आहेत हेही कळतं.

बॅटरीचे तास येतात कुठून

बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॅट-अवरमध्ये मोजतात. त्या आकड्याला लॅपटॉपच्या सरासरी वॅटने भागलं की तास मिळतात. समजा बॅटरी ५५ वॅट-अवरची आहे. काहीतरी लिहिताना, मधूनच एखादं वेबपान उघडताना अख्खा लॅपटॉप ५ वॅट घेत असेल, तर ती ११ तास पुरेल. त्याच मशीनवर व्हिडिओ कॉल सुरू झाला की कॅमेरा, माइक, वाय-फाय आणि प्रोसेसर सगळेच कामाला लागतात. खर्च १२ वॅटवर गेला तर हाती राहतात साडेचार तास. व्हिडिओ रेंडर करायला, म्हणजे त्याची अंतिम फाइल बनवायला लावला आणि खर्च ४० वॅटवर चढला, तर सव्वा तासाच्या थोडं पुढे बॅटरी संपली. मशीन एकच, बॅटरी एकच, आणि उत्तरं मात्र ११ तासांपासून सव्वा तासापर्यंत.

त्यामुळे ‘याची बॅटरी किती तास चालते?’ या प्रश्नाला ‘काय करताना?’ असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. कंपनी जो आकडा छापते तो बहुतेक वेळा मशीनमध्येच साठवलेला व्हिडिओ सलग चालवून काढलेला असतो, तोही स्क्रीनचा प्रकाश बेताचा ठेवून. व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळा, अतिशय काटकसरी भाग असतो. तो काम करत असताना प्रोसेसरचा मोठा हिस्सा झोपलेला असतो. आकडा खोटा नसतो, पण आपल्या कामाचाही नसतो. तळटीपेत चाचणी कशी घेतली ते बारीक अक्षरात दिलेलं असतं, ते जरूर वाचा. मिश्र कामासाठी त्या आकड्याचा निम्मा ते दोन तृतीयांश भाग धरून चालावं, असं माझं मत आहे. त्याहून जास्त मिळालं तर आनंदच आहे.

काही ठिकाणी क्षमता मिलीअँपिअर-अवरमध्ये दिलेली असते. फोनच्या बाबतीत हा आकडा चालून जातो, कारण फोनच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज साधारण सारखंच असतं. लॅपटॉपचं तसं नाही. ४,८०० मिलीअँपिअर-अवर आणि ११.४ व्होल्टची बॅटरी घ्या, नाहीतर ३,६०० मिलीअँपिअर-अवर आणि १५.२ व्होल्टची घ्या. गुणाकार करून हजाराने भागलं की दोन्हींचं उत्तर ५४.७ वॅट-अवर येतं. नुसता पहिला आकडा बघणाऱ्याला मात्र पहिली बॅटरी एक तृतीयांशाने मोठी वाटेल. तुलना करायची तर वॅट-अवरचीच करा.

या आकड्याला वरची मर्यादाही आहे. विमानात सोबत नेण्याच्या उपकरणांमधली लिथियम बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंत असेल तर विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही, त्यापुढे लागते. म्हणून सगळ्यात मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही ९९ च्या आसपास येऊन थांबतात. तिथून पुढे तास वाढवायचे तर खर्च कमी करणं हाच मार्ग उरतो.

वजनाबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. लॅपटॉप जड होतो तो मोठ्या बॅटरीमुळे, असं अनेकांना वाटतं. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे साधारण २५० वॅट-अवर ऊर्जा मावते. म्हणजे २० वॅट-अवर जास्त घेतले तर वजन वाढतं ते शंभर ग्रॅमच्या आसपास. ५ वॅटच्या हलक्या कामात तेवढ्याने चार तास वाढतात. अनेक मॉडेल एकाच नावाखाली लहान आणि मोठी अशा दोन बॅटऱ्यांत विकली जातात आणि स्वस्त आवृत्तीत हमखास लहान बॅटरी बसवलेली असते. मोठीचा पर्याय असेल तर तो सोडू नका. इतक्या कमी वजनात इतका फायदा लॅपटॉपमध्ये दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने होत नाही.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर

इंटेलची आय५ की आय७, एएमडीची रायझन ५ की ७, या चर्चेत बराच वेळ जातो. त्यापेक्षा नावाच्या शेवटी असलेलं अक्षर जास्त सांगतं. इंटेलच्या १२व्या आणि १३व्या पिढीत यू अक्षराच्या चिपचा मूळ खर्च १५ वॅट होता, पीचा २८, एचचा ४५ आणि एचएक्सचा ५५. पातळ लॅपटॉपमधला आय७ यू आणि जाडजूड मशीनमधला आय५ एच शेजारी ठेवून लांबचं काम दिलं, तर आय५ पुढे निघून जाऊ शकतो. आय७ हे नाव मोठं असलं तरी त्याला मिळणारे वॅट कमी आहेत.

यात आणखी एक मेख आहे. हे मूळ वॅट झाले. काम अंगावर आलं की चिप काही क्षण त्याच्या कितीतरी पट वीज ओढते. आय५-१३३५यू ही १५ वॅटची चिप ५५ वॅटपर्यंत जाऊ शकते, आय७-१३७००एच ४५ वरून ११५ वर. जिना चढताना पहिला मजला कोणीही धावत चढतो, दहाव्या मजल्यापर्यंत तोच वेग टिकत नाही. चिपचंही अगदी तसंच. ॲप उघडणं, वेबपान दिसणं, फाइल सेव्ह होणं ही पहिल्या मजल्याची कामं. ती आजकालच्या जवळपास प्रत्येक चिपवर झटक्यात होतात. तासभर चालणारं रेंडरिंग हे दहाव्या मजल्याचं काम. तिथे चिप सतत किती वॅट घेऊ शकते यावर सगळं ठरतं, आणि ती मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या मशीनची उष्णता फेकण्याची ताकद पाहून ठरवते. त्यामुळे तंतोतंत एकच चिप असलेल्या दोन लॅपटॉपच्या वेगात चांगलाच फरक पडू शकतो.

वेगाचा शेवटचा टप्पा इतका खर्चिक का असतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. चिपचा वीजखर्च तिच्या ठोक्यांच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. गणितापुरतं धरू की दोन्ही २० टक्क्यांनी वाढवले. १.२ गुणिले १.२ गुणिले १.२ केलं की येतात १.७३. म्हणजे २० टक्के जास्त वेगासाठी ७३ टक्के जास्त वीज. हेच उलट बाजूने वाचलं की बॅटरी टिकवण्याची किल्ली सापडते. थोडासा वेग सोडला तर खूप वीज वाचते. विंडोजमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वरून खाली आणला की लिहिण्यावाचण्यात फरक जाणवतही नाही आणि बॅटरी मात्र लांबते, ती याचमुळे.

चिपची रचना बदलल्याने काय होतं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०२० सालचं आहे. त्या वर्षी ॲपलने मॅकबुक एअर दोनदा आणला. आधीच्यात इंटेलची चिप होती, नोव्हेंबरमध्ये आलेल्यात ॲपलची स्वतःची एम१. दोन्हींचं वजन १.२९ किलो, दोन्हींची बॅटरी ४९.९ वॅट-अवर. ॲपलने दिलेले वेब वापराचे तास मात्र ११ वरून १५ झाले. भागाकार केला तर सरासरी खर्च साडेचार वॅटवरून ३.३ वॅटवर आला. नवं मशीन आधीच्यापेक्षा वेगवान होतं आणि त्यातला फॅनही काढून टाकलेला होता. एका चिपने वेग, वजन आणि बॅटरी या तिन्हींचं गणित एकदम हलवलं. त्यानंतर सगळ्याच कंपन्यांना जाग आली. २०२२ पासून इंटेलच्या लॅपटॉप चिपमध्ये मोठ्या कोअरच्या (चिपमधल्या काम करणाऱ्या गाभ्यांच्या) जोडीला लहान, काटकसरी कोअर आले. २०२४ मध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप आले, आणि त्याच वर्षी इंटेलने कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत मेमरीसुद्धा चिपच्या पॅकेजमध्येच बसवून खर्च खाली आणला. दिवसभराची बॅटरी हीच पहिली गरज असेल तर शोधाची सुरुवात ॲपल, स्नॅपड्रॅगन एक्स आणि कोअर अल्ट्रा २००व्ही या तीन घराण्यांपासून करावी.

स्नॅपड्रॅगनबाबत एक सावधगिरी. ती वेगळ्या रचनेची चिप आहे. जुनं विंडोज सॉफ्टवेअर तिच्यावर भाषांतर करून चालतं आणि ब्राउझर, ऑफिस यांसारख्या रोजच्या गोष्टींच्या खास आवृत्त्या मिळतात. पण जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, एखादं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर, काही गेम्स, ऑफिसचं विशिष्ट व्हीपीएन अडू शकतं. आपण वापरतो त्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं नाव कागदावर लिहून ते तिथे चालतं का, हे एकेक करून तपासल्याशिवाय पैसे भरू नयेत.

नावांचा घोळ कसा फसवतो ते एका उदाहरणावरून बघा. रायझन ५ ७५२०यू, रायझन ५ ७५३०यू आणि रायझन ५ ७६४०यू. तिन्हींच्या मागे रायझन ५, तिन्ही सातहजारी, तिन्ही यू. या मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आहे, सात म्हणजे २०२३. रचनेची पिढी सांगतो तो तिसरा आकडा. ७५२०यू मधला दोन म्हणजे झेन २, जी रचना २०१९ सालची आहे, कोअर चारच. ७५३०यू म्हणजे झेन ३, ७६४०यू म्हणजे झेन ४, आणि या दोन्हींत कोअर सहा. दिसायला सख्खी भावंडं, प्रत्यक्षात मध्ये दोन पिढ्यांचं अंतर. इंटेलकडेही असंच आहे. २०२४ मध्ये आलेली कोअर ७ १५०यू नावाने नवी वाटते, पण तिची रचना १३व्या पिढीचीच आहे. सवलतीत दिसलेल्या मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्या आणि चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचं पान उघडून बघा. पाच मिनिटं लागतात, पण पुढची पाच वर्षं वापरायच्या वस्तूसाठी ती द्यायलाच हवीत.

पातळ शरीर आणि उष्णता

चिप ठरावीक तापमानाला पोचली की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. परीक्षण वाचताना एकदाच चालवलेल्या चाचणीचा गुण बघून निर्णय घेऊ नये, कारण तो पहिल्या मजल्याचा वेग आहे. तीच चाचणी अर्धा तास पुन्हा पुन्हा चालवल्यावर काढलेला आलेख शोधा. सुरुवातीचा उंच भाग संपल्यावर रेष कुठे स्थिरावते, तो तुमचा खरा वेग. त्याच परीक्षणात फॅनचा आवाज आणि कीबोर्डजवळचं तापमानही दिलेलं असतं. शांत वाचनालयात किंवा झोपलेल्या बाळाशेजारी बसून काम करणाऱ्याला हे दोन आकडे वेगापेक्षाही मोलाचे आहेत.

हवा आत घेण्याची भोकं बहुधा तळाशी असतात. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून काम केलं की ती बुजतात आणि चांगलं मशीनही मंद होतं. ज्यांना तसंच बसायची सवय आहे त्यांनी फॅन नसलेल्या किंवा अगदी कमी वॅटच्या मशीनचा विचार करावा. फॅन नसलेलं मशीन लांबच्या कामात लवकर दमतं, पण लिहिणं, वाचणं, कॉल आणि हलकं फोटो एडिटिंग ते बिनआवाज करतं.

ग्राफिक्स कार्ड खरंच हवं का

हा प्रश्न स्वतःला अगदी प्रामाणिकपणे विचारावा, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड आलं की तराजू एका बाजूला पुरता झुकतो. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपमधलं कार्ड ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठल्याही मर्यादेवर बसवलेलं असू शकतं. नाव एकच, ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. पातळ मशीनमध्ये ते बहुतेक वेळा खालच्या बाजूला असतं. माहितीपत्रकात कार्डाच्या पुढे वॅट लिहिलेले नसतील तर ते विचारून घ्यायचेच.

बॅटरीवर तर गणित आणखी कठोर होतं. ८० वॅट-अवरची मोठी बॅटरी १०० वॅट खर्चावर पाऊण तासाच्या थोडं पुढे जाईल, आणि मुळात बॅटरी इतकी वीज सुखाने देऊ शकत नाही म्हणून चार्जर काढताच कार्डाचा वेग उतरवला जातो. गेमिंग लॅपटॉप हा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येणारा, पण भिंतीतल्या प्लगवर चालणारा संगणक आहे, असं समजूनच तो घ्यावा. त्याचा चार्जर २०० वॅटच्या आसपासचा असला तर वजनाला अर्धा किलोच्या पुढे जातो, हेही जमेस धरा.

थ्रीडी काम, गंभीर गेमिंग, स्वतःच्या मशीनवर एआय मॉडेल शिकवणं, जड कलर ग्रेडिंग यांना कार्ड लागतंच. साधं व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना मात्र सवयीने कार्ड सुचवलं जातं. नव्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्याचा आणि बांधण्याचा भाग अंगचाच असतो. कॉलेजच्या कार्यक्रमाचे किंवा यूट्यूबचे व्हिडिओ कापण्या-जोडण्याला तो सहसा पुरतो. कार्ड वापरात नसताना झोपून राहतं खरं, पण अनेक मॉडेलमध्ये बाहेरच्या मॉनिटरचं पोर्ट थेट त्या कार्डालाच जोडलेलं असतं. मॉनिटर लावला की ते जागं होतं आणि फॅन सुरू होतो.

स्क्रीन

हलक्या कामात सगळ्यात जास्त वीज खाणारा भाग बहुतेक वेळा स्क्रीनच असतो. म्हणजे बॅटरीचा निर्णय निम्मा इथे होतो, आणि लोक स्क्रीनचा विचार सगळ्यात शेवटी करतात.

आधी आकार. १५.६ इंच म्हणजे मोठा, १४ इंच म्हणजे लहान, ही समजूत पट्टी घेऊन तपासा. १५.६ इंची स्क्रीन जुन्या १६ : ९ प्रमाणाची असेल तर तिची उंची १९.४ सेंटिमीटर भरते. १४ इंची स्क्रीन नव्या १६ : १० प्रमाणाची असेल तर उंची १८.८ सेंटिमीटर. फरक सहा मिलिमीटरचा. लेख, कोड, करारपत्र, वेबपान या सगळ्या उभ्या गोष्टी आहेत, तिथे उंचीच कामाची. रुंदीत मात्र १४ इंची स्क्रीन चार सेंटिमीटरने लहान आहे, त्यामुळे बॅग लहान होते आणि वजन तीन-चारशे ग्रॅमने कमी राहतं. बहुतेकांसाठी १४ इंच आणि १६ : १० हीच जोडी सगळ्यात शहाणपणाची आहे, असं मी ठामपणे म्हणेन. लांबलचक स्प्रेडशीट किंवा दोन खिडक्या शेजारी ठेवून काम करणारे याला अपवाद.

प्रकाश निट्समध्ये मोजतात. घरातल्या कामाला ३०० निट्स पुरतात, पण खिडकीशेजारी किंवा व्हरांड्यात बसणाऱ्याने ४०० च्या खाली जाऊ नये. स्वस्त मॉडेलमध्ये २५० निट्स आणि ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असं लिहिलेली स्क्रीन असते. तिच्यावर रंग फिके दिसतात आणि फोटो-डिझाइनचं काम करणाऱ्याची फसगत होते. त्यांनी ‘१०० टक्के एसआरजीबी’ (हेही रंगांचंच माप) असं स्पष्ट लिहिलेलं असल्याची खात्री करावी.

रिझोल्यूशनमध्ये हाव करू नये. २८८० × १८०० मध्ये १९२० × १२०० च्या सव्वादोन पट ठिपके असतात आणि त्या प्रत्येकाला चालवायला वीज लागते. अक्षरं जास्त रेखीव दिसतात हे खरं, आणि दिवसभर वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तो फरक कळतोही. तो हवा असेल तर बॅटरीही तशी मोठी बघावी. ओएलइडी स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे तिचा स्वभाव वेगळा आहे. काळ्या भागाला ती वीजच घेत नाही आणि पांढऱ्या भागाला भरपूर घेते. रात्री सिनेमा बघणाऱ्याला ती परवडते, दिवसभर पांढऱ्या पानावर लिहिणाऱ्याची बॅटरी साध्या आयपीएस स्क्रीनपेक्षा लवकर उतरू शकते. १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी, स्क्रीन असेल तर बॅटरीवर ती आपोआप ६० वर येते का, हे बघून घ्या.

रॅम, एसएसडी आणि बॅगेचं खरं वजन

रॅमबद्दल (चालू काम मांडून ठेवायच्या मेमरीबद्दल) थोडक्यात: १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिला वीज कमी लागते, पण नंतर एक जीबीसुद्धा वाढवता येत नाही. आज घेतलेला आकडा शेवटपर्यंतचा. रॅम कमी पडली की मशीन एसएसडीवर (फाइली साठवतात त्या ड्राइव्हवर) तात्पुरती जागा शोधत बसतं, वेग जातो आणि वीजही. एसएसडी बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये बदलता येते, म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी रॅमवर घाला आणि ५१२ जीबी एसएसडीवर समाधान माना. ‘ईएमएमसी’ (एसएसडीपेक्षा मंद साठवण) लिहिलेलं दिसलं तर मॉडेल सोडून द्या.

वजन बघताना चार्जर धरून बघा. १.३ किलोचा लॅपटॉप आणि त्याचा दीडशे-दोनशे ग्रॅमचा ६५ वॅट यूएसबी-सी चार्जर मिळून दीड किलो होतात. २.३ किलोचं गेमिंग मशीन चार्जरसकट तीन किलोच्या जवळ जातं. जो रोज बस-ट्रेनमध्ये उभा राहतो, जिने चढतो, त्याच्या खांद्याला हा दीड किलोचा फरक पहिल्या आठवड्यातच कळतो. ज्याचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही त्याने मात्र हलकेपणासाठी जादा पैसे का मोजावेत, हे मला समजत नाही. तेच पैसे चांगल्या स्क्रीनवर लावावेत.

यूएसबी-सीवरून चार्ज होतो का, हे अवश्य तपासा. मग एकाच चार्जरवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही भागतात, आणि विसरलाच तर कोणाचाही उसना मागता येतो. अर्ध्या तासात निम्मी बॅटरी भरणारं फास्ट चार्जिंग असेल तर मोठ्या बॅटरीची निकड बरीच कमी होते. जेवणाच्या सुट्टीत प्लग मिळतो अशा माणसाला सोळा तासांची बॅटरी लागत नाही.

आपला दिवस कागदावर

निवड करताना माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. गेल्या आठवड्यात लॅपटॉपवर खरोखर काय केलं, किती वेळ केलं आणि कुठे बसून केलं, ते लिहून काढा. वर्षातून दोनदा लागणारं जड काम डोळ्यांसमोर ठेवून आपण मशीन घेतो आणि त्याचं ओझं उरलेले सगळे दिवस वाहतो, असं फार वेळा होतं.

एक भाषांतरकार घ्या. दिवसाचे सहा तास लिहिणं, दोन कॉल, पंधरा-वीस ब्राउझर टॅब, आणि बसायची जागा रोज वेगळी. याला यू किंवा व्ही अक्षराची अथवा ॲपलची साधी चिप, ५५ वॅट-अवरच्या पुढची बॅटरी, ४०० निट्स आणि सव्वा किलोच्या आसपासचं वजन हवं. एच मालिकेची चिप त्याच्या कामात कधी जागी व्हायचीच नाही, फक्त जागा अडवेल. आता एक आर्किटेक्ट घ्या, जी दिवसा साइटवर नकाशे उघडून दाखवते आणि संध्याकाळी थ्रीडी रेंडर लावते. तिची ओढाताण खरी आहे. रेंडर नेहमी टेबलावरच, प्लगजवळ होत असेल तर हलका लॅपटॉप आणि टेबलाखाली एक चांगला डेस्कटॉप ही जोडी एका महागड्या, जड, तापणाऱ्या लॅपटॉपपेक्षा सुखाची पडते. दोन मशीनचं बजेट नसेल तर एच चिप, मध्यम वॅटचं कार्ड आणि पावणेदोन किलोच्या आतबाहेरचा सोळा इंची लॅपटॉप घ्यावा आणि बॅटरीवर चार-पाच तासांची तयारी ठेवावी.

जड काम प्लगपासून दूरच करायचं आहे, असे लोक थोडे आहेत: प्रवासात एडिट करणारे, शेतात किंवा जंगलात ड्रोनची चित्रं जोडणारे. त्यांनी परीक्षणात ‘चार्जर काढल्यावर वेग किती टक्के उरतो’ हा आकडा शोधावा. काही विंडोज मशीनचा वेग तिथे निम्म्यावर येतो. मॅकबुक प्रो मात्र प्लगवर आणि बॅटरीवर जवळपास सारखाच पळतो.

बॅटरी म्हातारी होते, तेही हिशेबात धरायला हवं. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येणं स्वाभाविक आहे. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी हा आकडा १,००० देतं. आज दहा तास लागत असतील तर आज दहा तासच देणारं मशीन दोन-तीन वर्षांनी आठ देईल. गरजेपेक्षा पाव भाग जास्त धरून निवडा. लॅपटॉप बहुतेक वेळ प्लगलाच असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये चालू करा, कारण पूर्ण भरलेली आणि गरम बॅटरी लवकर थकते.

मशीन घरी आलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत एक चाचणी घ्याच. अपडेट आणि फाइल कॉपी करणं सगळं आटोपू द्या, कारण तोवरचे आकडे निरुपयोगी असतात. मग बॅटरी १०० टक्के भरा, चार्जर काढा, नेहमीचं काम नेहमीच्या प्रकाशात सुरू करा आणि ८० टक्क्यांवर यायला किती वेळ लागला ते टिपून ठेवा. ५५ वॅट-अवरचे २० टक्के म्हणजे ११ वॅट-अवर. तेवढे एक तास चाळीस मिनिटांत संपले तर तुमचा खर्च ६.६ वॅट आहे आणि पूर्ण बॅटरी सव्वाआठ तास जाईल. एका तासातच संपले तर खर्च ११ वॅट. मग टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्राम विनाकारण जागा आहे ते बघा, ग्राफिक्स कार्ड झोपतंय का ते बघा, प्रकाश थोडा उतरवा आणि पुन्हा मोजा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्टही काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसतात. नव्या मशीनमध्ये हे दोन आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. तफावत मोठी असेल, किंवा सगळं करूनही खर्च उतरत नसेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी मशीन बदलून घ्या.